देवाचं टोपलं

आमच्या पालममध्ये आडू आणला तो वीरभद्रआप्पानं. शहरातली माणसं त्याला पीच म्हणतात. आम्ही आप्पाच्या तोंडून आडू ऐकलं आणि तेच धरून बसलो. जूनमध्ये हिमाचलच्या पेट्या परभणीच्या फळबाजारात उतरायच्या आणि आप्पा पहिल्या एसटीनं जाऊन त्यातल्या दोन उचलून आणायचा. पहिल्या वर्षी कुणी हात लावला नाही. सालीवरची लव बघून लोकांना वाटलं, बुरशी चढली. मग आप्पानं गाड्यापुढं उभं राहून एकेक आडू टॉवेलनं पुसला आणि आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट कापून खाऊ घातला. नवव्या दिवशी गाड्याभोवती गर्दी. गावच तसं आहे आमचं. फुकट चाखल्याशिवाय कशाला चांगलं म्हणणार नाही, आणि चाखवणाऱ्याला लक्षातही ठेवणार नाही.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. सगळे मला गुरुजी म्हणतात. पुढं जे सांगणार आहे त्यात गुरुजी म्हणवून घेण्यासारखं काही नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

फळांचा धंदा आमच्याकडं बागवानांचा. बसस्टँडसमोरच्या सगळ्या गाड्यांमध्ये आप्पा एकटाच लिंगायत. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर तो टॉवेल. आणि नियम एकच, पण लोखंडी. त्याच्या गाड्यावरच्या फळाला गिऱ्हाइकानं हात लावायचा नाही. निवड आप्पाची. तुम्ही समोर गेलात की तो विचारणार, "कवा खानार?" आज म्हणालात तर एक फळ, उद्या म्हणालात तर दुसरं, परवा म्हणालात तर तिसरं. नंतर दुसरा सवाल, "देवाला का तोंडाला?"

कारण त्याची टोपली दोन होती. तोंडाच्या टोपल्यातला आडू तो देठाच्या खळग्याशी नाक नेऊन, डोळे मिटून हुंगायचा आणि मग द्यायचा. देवाच्या टोपल्यावर मात्र ओलं फडकं असायचं, आणि त्यातल्या फळाला आप्पाचं नाकसुद्धा लागायचं नाही. हुंगलेलं फूल जसं देवाला वाहत नाहीत, तसंच फळाचं, असं तो म्हणायचा. देवाचं फळ तो नुसतं बघून आणि तळहातावर तोलून निवडायचा. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? म्हणाला, "लाल रंगाला भुलायचं न्हाई गुरुजी. लाली उन्हानं येती. देठापाशी हिरवं हाय का पिवळं, ते बघायचं. पिवळं आसल तर पिकलं. आन जड लागाय पायजे." मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

एकदा तहसीलदार साहेबांच्या बायकोनं आडू चिमटीत दाबून बघितला, तर आप्पानं तिच्या हातातून तो काढून घेतला. "बाई, तुमचं बोट आज लागलं, त्याचा डाग उद्या दिसंल. मंग ते फळ कोन खानार?" बाई रागानं गेल्या. चार दिवसांनी परत आल्या, कारण आप्पानं आज खा म्हटलेला आडू आजच गोड निघायचा आणि रविवारी खा म्हटलेला रविवारी. त्याच्या आयुष्यात मिरवावं असं तेवढंच होतं. शेत नाही, माडी नाही, पोरगा विरेश पुण्याला कंपनीत लागला तो तिकडचाच झाला. पण बसस्टँडवर कुणीही फळ हातात घेतलं की लोक म्हणायचे, आप्पाची निवड आहे का? त्या शब्दांवर तो माणूस उभा होता.

माझ्या आईच्या पोटात शेवटच्या दुखण्यात काहीच ठरत नव्हतं. पाणीसुद्धा उलटून पडायचं. आप्पा स्वतः घरी आला, झब्ब्याच्या खिशातून एक आडू काढला, साल सोलून बोटाएवढ्या फोडी केल्या आणि आईला भरवल्या. तिनं अख्खा खाल्ला. "लय गोड हाय रे," म्हणाली. ते तिचं शेवटचं खाणं. हेही मी विसरलो, म्हणून सांगतोय.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात आप्पाला करोना झाला. पंधरा दिवस घरात पडून होता. उठला, गाडा पुन्हा लावला, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. निदान आम्हाला तसं वाटलं.

पुढच्या वर्षी जूनमधली गोष्ट. मी गाड्यापाशी गेलो आणि दोन हातांवरूनच फिनेलचा भपकारा आला. बसस्टँडचा फलाट नुकताच धुतला होता, आणि एसटीतून उतरवलेली पेटी तिथंच ओल्यात टेकली असणार. खालचा पुठ्ठा भिजून पांढरा झाला होता. आप्पानं त्याच पेटीतला आडू उचलला, खळग्याशी नाक नेलं, डोळे मिटले आणि समाधानानं म्हणाला, "वा! आज संध्याकाळी खा, गुरुजी."

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. आप्पानं माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, हात फिरवून खालचा ओला पुठ्ठा चाचपला. आणि स्टुलावर बसला.

"कशाचा यायलाय?"

"फिनेलचा."

"वरीस झालं," तो म्हणाला. "कापूर यायला न्हाई का उदबत्ती यायला न्हाई. खाल्लेलं बी कळंना. गोड हाय एवढं जिबीला समजतंय, कशाचं गोड ते न्हाई. घरात नीलम्माला बी ठाव न्हाई. ती भाजी करपली मनली की मी बी हो मनतो."

"मग निवडता कसं?"

तो जरा हसला. "तीस वर्सं देवाचं टोपलं निवडलंच की बिननाकाचं. आता समदंच देवाचं समजून निवडायलोय. नाक नुसतं लावतो, लोकायला सवय हाय मनून."

मला त्या क्षणी त्या माणसाचा फार अभिमान वाटला होता. खरंच वाटला होता. कारण ते वर्षभर मी त्याच्याकडचीच फळं खात होतो आणि एकही वाईट निघालं नव्हतं. त्याचं नाक गेलं होतं, निवड गेली नव्हती.

"गुरुजी, हे कुनाला सांगू नका," आप्पा म्हणाला. "लोकायला कळलं तर माझ्या हातचं कोन घील? गाड्यावर हात घालतील. मंग मी कशाचा आप्पा?"

मी आईची शपथ घेतली. त्यानं ती पेटी माझ्यादेखत उकिरड्यावर नेऊन ओतली.

दोन वर्षं मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावाच्या मानानं ते पुष्कळ होतं.

मग माझ्या मुलीला, अपेक्षाला, पाहायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा पूर्णेचा, पाटबंधारे खात्यात. मध्यस्थी योगीरावची, त्याचं पालममध्येच खताबियाण्याचं दुकान आहे आणि दुकानात बसून तो गावभराच्या बातम्याही विकतो. पाहुणे रविवारी येणार होते. मी शुक्रवारी आप्पाकडं गेलो. त्यानं विचारलं, "कवा खानार?" मी म्हटलं, रविवारी, पाहुण्यांना. त्यानं जवळजवळ अर्धा तास लावला. उन्हात उभा राहून दोन डझन आडू एकेक करून देठाशी निरखले, तोलले, आणि कागदात गुंडाळून दिले. "आपल्या अपेक्षाचं काम हाय," म्हणाला. "रविवारी नंबर एक लागतील. सोमवारी नका ठेवू."

रविवारी सकाळी फोन आला, मुलाच्या मामाला बरं नाही, बुधवारी येतो. बुधवारी सकाळी माझ्या बायकोनं, राजेश्रीनं, मला स्पष्ट सांगितलं, "ते आडू गेलेत. बदलून आना." मी म्हटलं, वरून तर चांगले दिसतात, काय धाड भरलीय त्यांना. उन्हात स्टँडपर्यंत जायचा कंटाळा. खरं कारण एवढंच.

पोह्यांनंतर अपेक्षा फोडींची ताटली घेऊन आली. कोयीभोवतीचा गर तपकिरी पडला होता आणि आंबूस वास बैठकीत पसरला. मुलाच्या आईनं एक फोड तोंडापर्यंत नेली, थांबली आणि ताटलीत परत ठेवली. पदरानं हळूच बोटं पुसली.

योगीराव हसला. "गुरुजी, आप्पाचीच निवड ना ही? तुमी तर लय गुन गायचाव त्याचे!"

तिथं मला एवढंच म्हणायचं होतं की फळं रविवारची होती, तुम्ही बुधवारी आलात. किंवा चूक माझी, मी बदलून आणायला हवी होती. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. पण पाहुण्यांना दोष कसा द्यायचा, आणि स्वतःला द्यायची सवय मला नव्हतीच. मी हसत हसत म्हणालो, "अहो, त्याला करोनापासून वासच येत न्हाई! नुसतं नाक लावतो अन देतो."

बैठक खो खो हसली. मुलाची आईसुद्धा हसली. अवघडलेपण गेलं. ताटली हातात घेऊन उभी असलेली अपेक्षा मात्र माझ्याकडं बघत होती. फळं कधीची आहेत ते तिला माहीत होतं. ती ताटली घेऊन आत गेली.

सोयरीक जमली. आडवांचा कुणी नंतर विचारही केला नाही.

गावानं मात्र केला. संध्याकाळपर्यंत योगीरावच्या दुकानातून ती बातमी स्टँडवर पोचली. दुसऱ्या दिवशी एकानं आप्पापुढं मूठ धरली, "सांगा बरं, काय हाय?" मुठीत लसूण होता. दुसऱ्यानं विझलेली बिडी नाकाखाली धरली. आप्पा पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडले. तिसऱ्या दिवसापासून बोलणंच सोडलं. लोक थेट टोपल्यात हात घालायला लागले, दाबायला लागले, हुंगून परत टाकायला लागले. आडवाला बोट सोसत नाही. दुपारपर्यंत अर्ध्या फळांवर अंगठ्यांचे डाग उठायचे, आणि तेच लोक म्हणायचे, बघा, आप्पाचा माल कसा झालाय. ज्यांना तो तीस वर्षं हातात ठेवून देत आला, त्यांना एका आठवड्यात फळ कळायला लागलं होतं.

पुढच्या सोमवारी एका बाईनं देवाच्या टोपल्यावरचं फडकं उचललं आणि खाली वाकून हुंगलं. शेजारच्या गाड्यावरच्या बागवानानं मला हे नंतर सांगितलं. म्हणाला, "गुरुजी, आप्पा त्या बाईला कायच बोल्ला न्हाई. फडकं घडी करून खिशात घातलं, आन ते टोपलं तोंडाच्या टोपल्यात उलटं केलं." दुसऱ्या दिवसापासून गाड्यावर एकच टोपलं आलं.

नीलम्मालाही ते गावाकडूनच कळलं. तीन वर्षं तिच्या करपलेल्या भाजीला हो म्हणत आलेल्या नवऱ्याबद्दल तिला बाजारातल्या बायकांनी सांगितलं.

मी महिनाभर स्टँडकडं फिरकलो नाही. कुणी सांगितलं हे आप्पानं विचारायची गरज नव्हती. माहीत मला एकट्यालाच होतं. शेवटी जुलैच्या अखेरीला गेलो. आडवांचा हंगाम संपत आला होता. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, शिक्षकाला जुळवता येतं ते.

आप्पानं मला बघितलं. तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "कवा खानार?"

"आजच," मी म्हटलं.

त्याचा हात टोपल्याकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यानं तो मागं घेतला, टॉवेलला पुसला.

"घ्या, गुरुजी," तो म्हणाला. "तुमच्या हातानं घ्या."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीच द्या ना."

"न्हाई. आता समदे आपल्याच हातानं घेतेत. तुमी बी घ्या."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. मी टोपल्यात हात घातला. तीस वर्षांत पहिल्यांदा. कुठला घ्यावा कळेना. देठ बघायचा, एवढं आठवत होतं, पण देठाशी काय बघायचं ते आठवेना. मी एक मोठा, लालभडक आडू उचलला आणि आप्पाकडं बघितलं.

त्याची नजर माझ्या हातावर होती. मग ती शेजारच्या फळावर गेली, एका लहानशा, फिकट, पिवळसर आडवावर. क्षणभरच थांबली. परत आली. त्याला दिसत होतं. एरवी त्यानं माझ्या हातावर चापट मारली असती.

या वेळी मात्र त्यानं माझं फळ तोललं आणि कागदात गुंडाळून दिलं.

घरी येऊन कापला. कोयीला गच्च चिकटलेला, आत हिरवट, दात आंबवणारा. राजेश्री म्हणाली, "टाका तो, पोट दुखंल." मी टाकला नाही. पाटावर बसून शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ला.