नापास पोरांचा मामा

हणमंतमामा भेटला की पोराला पहिला प्रश्न ठरलेला. नाव नाही, गाव नाही, 'जेवलास का' नाही. "गणितात किती पडलं रं?" पोरगं मान खाली घालून पुटपुटलं की मामाचा चेहरा खुलायचा आणि पाठीवर थाप बसायची. "झ्याक. आपलाच गडी हायेस तू." एखाद्यानं ऐटीत चांगले मार्क सांगितले, तर म्हणायचा, "मग शीक की. माझ्याकडं काय बघतोस?" आणि चालू लागायचा.

मामा आईचा पाठचा भाऊ. कोईमतूरच्या सराफपेठेत त्याचं गलाईचं दुकान होतं. आमच्या आटपाडी-कडेगाव भागातली कितीतरी घरं याच धंद्यावर उभी आहेत. परमुलखात जायचं, सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून चोख करून द्यायचं. मामा यात्रेला गावी यायचा आणि जाताना दहावीला आपटलेली पोरं घेऊन जायचा. हणमंता गणितात नापास झाला, शाळा सुटली, आणि आज बघा, आटपाडीत दुमजली बंगला, ही गोष्ट सगळ्या भागाला पाठ होती. निकालाच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना आया हीच गोष्ट सांगून जेवायला बसवायच्या. मामानं ती कधी खोडली नाही. उलट हसायचा, "गणितानं भाकरी भाजत न्हाई गड्या, भट्टीनं भाजती."

माझी तर त्या गोष्टीवर श्रद्धाच. दहावीला गणितात मी दोनदा आपटलो आणि मग कसाबसा काठावर पास झालो. अपूर्णांक दिसला की मी पान उलटायचो. वडील म्हणत होते आर्ट्सला जा. मी म्हणत होतो, आता वर्गाचं तोंड बघणार नाही, मामाकडं जाणार. आईनं बॅगही भरून ठेवली. सख्ख्या बहिणीच्या पोराला मामा नाही म्हणेल, हे आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

यात्रेत आजोळच्या अंगणात मटणाच्या पंगती बसल्या होत्या. आई वाढत होती. सगळ्या भावकीदेखत ती म्हणाली, "हणमा, ह्याला औंदा तुज्यासंगं ने."

मामानं रश्श्याची वाटी खाली ठेवली. "न्हाई न्हेत, आक्का."

आईला वाटलं चेष्टा. ती हसलीसुद्धा.

"चेष्टा न्हाई. सदूच्या संत्याला न्हेतोय. ह्याला कॉलेजात घाल."

मी हबकलोच. संत्या माझ्याच वर्गातला, त्याच विषयात उडालेला. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. पंगतीत कुणी घास उचलेना. आपल्याला घेणारं जगात एकच दार होतं आणि तेच तोंडावर आपटलं. आई त्याच पावली माहेरातून निघाली. पुढं कैक वर्षं तिनं भावाला भाऊबीजेला ओवाळलं नाही. फोन आला की "रेंज न्हाई" म्हणून ठेवून द्यायची.

मी रडतखडत कॉलेजात गेलो. तिथं गणित नव्हतं, इतिहास होता, आणि तो मला चक्क आवडला. आज साताऱ्यात एका शाळेत तोच शिकवतो. पण पंगतीतला अपमान गेला नव्हता.

मग मामाची छाती गेली. भट्टीचा धूर, ॲसिडची वाफ. दुकान पुतण्याच्या हवाली करून तो कायमचा गावी आला. भाऊ आजारी म्हटल्यावर आईचा राग एका दिवसात विरघळला. मीही भेटायला गेलो. उशीला टेकून बसला होता, बोलताना दम लागत होता. मी सरळच विचारलं, "मामा, मला का न्हेलं न्हाईस? मीबी गणितात नापास झाल्तो, तुज्यावानी."

मामानं हातानंच मला जवळ बसायला खुणावलं. "मी नापास न्हवतो रं. गणितात वर्गात पहिला असायचो. चुलत्याला दुकानात माणूस पायजे हुता, म्हणून शाळेतनं उचलून न्हेलं."

माझा विश्वासच बसेना. "मग ती गोष्ट?"

"लोकांनी उठवली. मी राहू दिली. कामाची हुती." खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाला, "पास झाल्यालं पोरगं चार दिवसात घरी पळतंय. वास सोसत न्हाई त्याला. नापास झाल्यालं पळत न्हाई. त्याला परत जायला जागाच नसती. म्हणून इचारायचो, किती पडलं."

ती पाठीवरची थाप किती पोरांनी जन्मभर जपली होती. मी कसंबसं विचारलं, "मग संत्या? बाकीची पोरं?"

"भाकरी दिली त्यास्नी. घरं बांधली त्यांनी. धूरबी दिला." डोळे मिटून तो म्हणाला, "त्यांच्या आया माझ्या भैनी न्हवत्या."

त्याचे पाय धरावेत की उठून निघून जावं, मला कळेना. खरं सांगतो, अजूनही कळत नाही.

थोड्याच दिवसांत मामा गेला. दुकानातली पोरं मिळेल त्या गाडीनं आली. दहाव्याला त्यांतल्या कितीतरी जणांनी सख्ख्या लेकांसारखं मुंडण करून घेतलं. संत्याला तर रडून उभं राहवेना. आई पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "बघ, किती जीव लावला हुता माझ्या भावानं पोरांस्नी."

मी मान हलवली. तिला मी आजतागायत काही सांगितलेलं नाही.