काचेमागची त्राटिका

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. सत्तरच्या दशकाची अखेर होती. नाशिकच्या पश्चिमेकडे, डोंगराळ भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

तिथल्या एका पाड्यावर दर उन्हाळ्यात बोहाडा व्हायचा. देवादिकांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून गावकरी सोंगं नाचवत. मुखवटे घडवणारा आणि वर्षभर सांभाळणारा एक म्हातारा होता. त्याच्या घरातून सात मुखवटे चोरीला गेले. कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणून गावाने ठरवून टाकलं की यानेच विकले. खरं सांगायचं तर माझंही मत तेच झालं होतं. दोन दिवस मी त्याला ठाण्यात बसवून उलटसुलट विचारलं. तो एकच बोलत राहिला, "साहेब, घरातलं लेकरू कोन इकतं?"

पुरावा नव्हता, त्याला सोडून दिलं. गावाने मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. त्या साली बोहाडा झालाच नाही. तपासही थंडावला.

वर्षभराने एके दिवशी ठाणे अंमलदार आत आला. एक बाई सकाळपासून बसली आहे आणि फौजदारांनाच सांगीन म्हणते, असं त्याने सांगितलं. ती त्या म्हाताऱ्याची मुलगी होती. इगतपुरीला दिलेली, नवरा रेल्वेत गँगमन. सोबत तिची सहावीतली थोरली मुलगी होती.

आदल्या दिवशी नवऱ्याच्या पासवर ते दोघं आणि त्यांच्या दोन मुली मुंबई बघायला गेले होते. गेटवे ऑफ इंडिया पाहून झाल्यावर ते म्युझियममध्ये गेले. बाईचा पाय तिथून निघेना. थोरली प्रत्येक मूर्तीखालची चिठ्ठी वाचून दाखवायची. कुठल्या गावची, किती जुनी, सगळं लिहिलेलं होतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं. तेवढं बाईला खटकलं होतं.

तिथून होडीत बसायला निघाले, तर वाटेत जुन्या वस्तूंचं एक दुकान लागलं. दर्शनी काचेमागे त्राटिकेचा मुखवटा होता.

"रंग नवा व्हता, साहेब," ती म्हणाली, "पर बापाचा हात मी वळखते."

ती ओरडली नाही, दुकानातही शिरली नाही. मुलीकडून पाटीवरचं नाव आणि रस्ता वहीत उतरवून घेतला. होडीसाठी हट्ट धरलेल्या धाकटीची समजूत काढून दुपारच्याच गाडीने सगळे परतले. दुकानदाराला नुसती शंका आली असती तरी माल हलला असता. हे शहाणपण आमच्या खात्यात शिकवावं लागतं.

मी विचारलं, "बाई, असे मुखवटे पुष्कळ असतील. हा तुमचाच, हे कोर्टात कसं सांगणार?"

तिने क्षणभर डोळे मिटले. "आतून बघा. डाव्या गालाला तडा गेलाय, त्यावर तांब्याची पट्टी हाय. दोन खिळे मारले, तिसरा नव्हता. बापानं बाभळीचा काटा ठोकला. पट्टी मीच धरली व्हती, लहान असताना."

तिचा जबाब शब्दशः लिहून घेतला, अंगठा घेतला आणि मी मुंबई गाठली.

दुकानदार गोड बोलणारा होता. मुखवटा दक्षिणेकडचा, एका जुन्या घराण्यातला आहे, असं त्याने ठासून सांगितलं. आतून कसा आहे, असं मी विचारलं. ते मात्र त्याला सांगता येईना. मी पंचांसमोर मुखवटा उलटा केला. डाव्या गालामागे तांब्याची पट्टी होती, दोन खिळे होते आणि तिसऱ्या भोकात काळा पडलेला काटा. मग मी बाईचा जबाब मोठ्याने वाचला. अर्ध्या तासात दुकानदाराने मुखवटा विकणाऱ्याचं नाव सांगितलं.

चोरीच्या आधी अभ्यासक म्हणवून कॅमेरा घेऊन पाड्यावर आलेला एक माणूस होता तो. म्हाताऱ्याच्याच घरी दोन दिवस जेवला, राहिला, आणि किल्ली कुठे असते ते बघून गेला. बाकीचे सहा मुखवटे त्याच्या घरी मिळाले.

कोर्टाच्या हुकमाने मुखवटे परत मिळाले. ते घेऊन मी स्वतः पाड्यावर गेलो. गाव गोळा झालं होतं. म्हातारा निर्दोष होता आणि माझी चूक झाली, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. तो त्राटिका मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिला. मग लेकीला म्हणाला, "ह्यो रंग काढाया लागंल." ती म्हणाली, दोन दिवस राहते.

मूळ फिर्यादीत मी लिहिलं होतं, 'लाकडी मुखवटे, जुने, नग सात.' म्हाताऱ्याला चोर धरल्यामुळे मुखवट्यांच्या खुणा त्याला विचारल्याच नव्हत्या, आणि त्या घरातल्या लेकीलाही मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती सासरी आहे, तिला काय ठाऊक असणार, असं धरून चाललो होतो. तिला विचारलं असतं तर त्या खुणा तेव्हाच मुंबईला कळवता आल्या असत्या आणि म्हाताऱ्याचं ते वर्ष वाचलं असतं. त्यानंतर चोरीची फिर्याद घेताना मी एक प्रश्न कधी चुकवला नाही: ही वस्तू घरात सगळ्यात जास्त कुणी हाताळली? बहुतेक वेळा ते माणूस दाराआड उभं असायचं, आणि त्याला आत बोलवावं लागायचं.