बारा एकर बागायत

कागद मी दोनदा वाचला. मग समोर उभ्या असलेल्या वंदनाला विचारलं, "तुझे वडील लूमवर आहेत ना?"

"हो मॅडम. उधन्याला."

"मग ही बारा एकर बागायत कुठून आली?"

तिनं कागद हातात घेतला. "केळी? विहीर? दोन बैलजोड्या? मॅडम, हे आमचं नाही."

पण नाव तिच्याच वडिलांचं होतं, सुकलाल. पत्ताही डिंडोलीचाच होता.

नव्वदच्या दशकात मी सुरतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलवर क्लार्क होते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना सरकार फी आणि पुस्तकांसाठी मदत देई. फॉर्मला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागे. नोकरदार बाप सॅलरी स्लिप आणून मोकळा होई. लूमवाल्याला पगार मीटरवर, म्हणजे जितकं कापड निघेल तितका. शेठ लिहून काहीच देत नसे. अशा वेळी तलाटी घरी जाऊन चौकशी करी, दोन शेजाऱ्यांचे जबाब घेऊन अहवाल लिही, आणि तो जोडून मामलतदार दाखला देत. वंदनाच्या दाखल्यात उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर गेलं होतं. हा फॉर्म नामंजूर होणार हे उघड होतं. तो दिवस बुधवार. शनिवारी सगळे फॉर्म जिल्ह्याच्या ऑफिसला जाणार होते.

मी आमच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटकडे, देसाईसाहेबांकडे गेले.

"बेन, आपलं काम कागद तपासायचं. लोकांच्या घरी जायचं नाही."

"साहेब, मुलगी वर्गात दुसरी आलीये. फी भरली नाही तर घरी बसेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग हाफ डे टाका. ऑफिसच्या वेळेत मी तुम्हाला पाठवलेलं नाही."

दुपारी वंदनाबरोबर डिंडोलीला पोचले तेव्हा सुकलालभाऊ नाइट पाळी करून नुकतेच उठले होते. वंदनाची आई साडीवर टिकल्या लावत होती. तलाटी आला त्या दिवशी दोघंही घरी नव्हते, म्हणून तो शेजारी धुडकू आप्पा आणि कासूमायशी बोलून गेला होता. आम्ही दोघांना बोलावलं. मी अहवाल वाचून दाखवला.

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "मीच सांगितलं."

"का पण?"

"बाई, इस्त्रीचे कपडे, हातात डायरी, स्कूटरवरून उतरला. विचारतो, पोरगी किती शिकली? बाप काय कमावतो? गावाकडे जमीन किती? असं कोण विचारतं?"

"तलाटी विचारतो."

"सोयरा विचारतो! पोरीला स्थळ आलं म्हटल्यावर काय, दोन एकर कोरडवाहू सांगू?"

"आणि ह्या बैलजोड्या?"

कासूमाय पदर सावरत म्हणाली, "आप्पानं येवढी जमीन सांगितली. मंग बैल नको?"

वंदना आधी हसली. तिची आई हसली, सुकलालभाऊ हसले. मग मी फॉर्म नामंजूर होईल म्हणजे काय, ते समजावून सांगितलं.

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीचं कॉलेज माझ्यामुळे बुडणार?"

 ते उठले, शेजारी आपल्या खोलीत जाऊन सदरा घालून आले. "चला. कुठं सांगायचं ते सांगतो."

तलाटी भेटला दुसऱ्या दिवशी. मी, सुकलालभाऊ, आप्पा, कासूमाय, एका रिक्षात चौघं गेलो. तलाटीनं अहवाल बघितला आणि तो वैतागला. "बेन, सही यांचीच आहे. मी तर स्पष्ट म्हटलं होतं, हुं तलाटी छुं."

"म्हटलं होतं की," आप्पा म्हणाले. "म्हणूनच तर बागायत सांगितली. सरकारी नोकरीवाला सोयरा! सही मागितली तर वाटलं, बोलणी पक्की करतोय. आम्हले वाटनं, तुम्ही पोर देखाले उनात."

तलाटीला अहिराणी कळली नाही. मी सांगितलं, "त्यांना वाटलं, तुम्ही मुलासाठी मुलगी बघायला आलात."

त्यानं अहवाल टेबलावर ठेवला. "माझा मुलगा तिसरीत आहे."

मग तो इतका हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. जबाब गुजरातीत होता, तो पंचांना, म्हणजे या दोन शेजाऱ्यांना, वाचून न दाखवताच सह्या घेतल्या, ही स्वतःची चूकही त्यानं हसता हसताच मान्य केली. सुकलालभाऊंचं सोगंदनामं, म्हणजे शपथेवरचा जबाब, नव्यानं केलं. पंचांचे जबाब नव्यानं घेतले, आणि या वेळी शब्दन् शब्द वाचून दाखवला. "बैल?" तलाटीनं विचारलं. "एकही नाही," कासूमाय घाईघाईनं म्हणाली.

शुक्रवारी मामलतदार रजेवर होते. शनिवारी सकाळी सही झाली. अकराच्या सुमाराला वंदना धावतच माझ्या टेबलपाशी आली. देसाईसाहेबांनी गठ्ठ्याची बांधलेली दोरी सोडली आणि तिचा फॉर्म आत सरकवला. 

स्कॉलरशिप मंजूर झाली. पैसे नेहमीप्रमाणे परीक्षा संपल्यावर आले. तोवर साहेबांनी तिला फी हप्त्यानं भरू दिली. वंदना इंजिनिअर झाली.

पुढच्या वर्षी नोटीस बोर्डावर मी गुजराती, हिंदी आणि मराठीत एक ओळ वाढवली : 'तलाटी घरी येण्यापूर्वी शेजाऱ्यांना कळवावे की चौकशी स्कॉलरशिपची आहे, लग्नाची नाही.' प्रिन्सिपलांनी शेवटचे दोन शब्द खोडले. मी ते पुन्हा लिहिले. त्यानंतर एकाही लूमवाल्याच्या दाखल्यात बागायत निघाली नाही.