दोन प्रोग्राम आणि भिवाजीबुवांचा माग

आमच्या कोसा रेशमाच्या विणकर सोसायटीतले जुने लोक अजूनही एकत्र बसले की चहा यायच्या आत कॉम्प्युटरचा विषय निघतो. ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर भंडाऱ्याला आमच्या सोसायटीत आला, तेव्हा मी माल जमा करून घेणारा कारकून होतो. किस्से तेवढेच आहेत, पण दर बैठकीत थोडे वाढतात. मी आपला झालं तेवढंच सांगतो. निदान मला तसं वाटतं.

*

स्टॉकचा प्रोग्राम नागपूरच्या एका कंपनीचा, रिपोर्ट काढणारा दुसरीचा. पहिल्यात भरलेली माहिती दुसऱ्यानं उचलायची, एवढंच काम. पण तो काही केल्या उचलेना. फोन केला की ही कंपनी म्हणे दोष तिचा, ती म्हणे हिचा. शेवटी आमचे मॅनेजर गभनेसाहेब यांनी दोन्हीकडच्या माणसांना एकाच दिवशी बोलावलं, कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

"जुळलं का आवाज द्या. मंग चहा पाठवतो."

दुपार टळल्यावर आतून आवाज आला, "साहेब, दोन कप."

*

जुळलं ते असं, की दोन्ही प्रोग्राम माणसाला नंबरानं ओळखणार. विणकरानं खिडकीशी साडी देताना आपला नंबर सांगायचा आणि मी तो मशीनमध्ये टाकायचा. आमच्या विणकर कौसल्याबाई काही सांगेनात.

"नंबर तं जेलात भेटते. मी का चोरी केली का?"

"बाई, सगळ्याईलेच देल्ला हाय."

"सगळ्याईले? मंग चला, सगळेच जाऊ आत," म्हणाल्या, आणि नंबर सांगून मोकळ्या झाल्या.

*

वीज गेली की मशीन तारीख विसरायचं आणि परत विचारायचं. एकदा घाईत मी पुढच्या वर्षाची टाकली. रिपोर्टात पुढच्या दिवाळीचा माल विणून तयार! गभनेसाहेबांनी कागद शांतपणे वाचला.

"बरं झालं. आता वर्षभर घरी बसा."

मी खरंच डबा उचलला होता.

*

आता भिवाजीबुवा. हात थरथरायला लागल्यापासून त्यांची स्वतःची साडी काही पुरी व्हायची नाही. पण मागांच्या शेडमध्ये कोणाचा धागा तुटला, कोणाचा माग अडला, की हाक त्यांनाच. दिवसभर ते दुसऱ्यांच्याच मागाशी वाकलेले असायचे. फार गोड माणूस.

पहिला रिपोर्ट निघाला आणि त्यांच्या नावापुढे शून्य आलं. संचालकांनी ठरवलं, पुढच्या महिन्यातही शून्य दिसलं तर माग काढून दुसऱ्याला द्यायचा.

गभनेसाहेबांनी रिपोर्टच्या कंपनीतल्या माणसाला, रिपोर्टवाल्याला, गाठलं. "बुवाच्या कामाचा एक रकाना टाका ना जी."

"टाकतो. पण स्टॉकच्या प्रोग्रामला तो समजणार नाही. पुन्हा सगळं बिघडेल."

बुवांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माग नेला तं नेला. पण सकाळी उठून मी जाऊ कोठी?"



दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई साडी घेऊन खिडकीशी आल्या. नंबर विचारला, तर बुवांचा सांगितला.

"बाई, हा तं बुवाचा नंबर."

"मी सांगून राहिली तो टाक. मजुरी तं हातानं लिहिलेल्या जुन्याच पावतीवर भेटते ना? मंग झालं."

मी टाकला. रांगेत तिच्या मागं उभ्या माणसाला विचारलं, त्यानंही तोच सांगितला.

महिना संपला. त्या दिवशी रिपोर्टवाला आमच्याकडेच होता. प्रिंटर करकरत थांबला आणि कागद गभनेसाहेबांच्या हातात गेला. भिवाजीबुवांच्या नावापुढे अख्ख्या सोसायटीचा माल, खाली बाकी सगळ्यांपुढे शून्य.

"साहेब, प्रोग्राममध्ये गडबड आहे," रिपोर्टवाला घाबरून म्हणाला.

"गडबड कायची? तुमीच तं जुळवला."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. सगळी शेड दाराशी येऊन उभी होती. त्यांनी कागदावर सही केली, तो संचालकांकडे पाठवला आणि बुवांना आत बोलावलं. बुवांना यातलं काहीच माहीत नव्हतं. टोपी हातात धरून ते उभे राहिले.

"बसा, बुवा," साहेब म्हणाले. "या वयात एकटेच एवढं विणून राहिले. जरा दमानं घेत जा."