हजेरी लावून संप

कचरा चार दिवस उचलला नाही की साचतो. आमच्या नगर परिषदेतले किस्से मात्र रोज चहाच्या टपरीवर उपसले तरी साचतच राहतात! मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात मी सफाईचा दरोगा आहे. दरोगा म्हणजे पोलीस नव्हे. झाडूवाल्यांची सकाळची हजेरी घेणारा आणि दिवसभर दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूस. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

आता सांगतो ते सगळे एकाच संपाचे. पगार अडकला होता. वरून निघाला आहे, रस्त्यात आहे, सोमवारी पक्का, असं ऐकून ऐकून लोक विटले. शेवटी एका सकाळी यमुनाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. यमुनाबाई आमच्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तोंडाळ बाई. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या लेकीला, सोनूला पाहायला गोंदियाकडचे पाहुणे यायचे होते. पगार झाला की पाहुण्यांना नीट जेवू घालू, या भरवशावर तिनं रविवार दिला होता. आता पगार नाही, आणि तिच्याच गल्लीच्या तोंडाशी ढीग वाढायला लागला.

*

संपाच्या पहिल्या सकाळी मी ऑफिसात निवांत चहा घेत होतो. आज कोण येणार! पाहतो तर नेहमीच्या वेळेला सगळे दारात हजर. चेहरा दाखवून हजेरी लागते त्या मशीनसमोर ही रांग!

मला वाटलं, मिटलं एकदाचं. "काय यमुनाबाई, कामावर का?"

"नाही जी. संपावर आहो."

"मग हजेरी काहून लावता?"

"नाही लावली तं तुमी गैरहजर लिहान!"

सगळ्यांनी हजेरी लावली, फाटकासमोर सतरंजी अंथरली आणि संप सुरू केला. संध्याकाळी मशीनला चेहरा दाखवून घरी गेले. इतकी पूर्ण हजेरी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

*

आमच्या कचरागाडीवर भोंगा आहे. गाडी राजू चालवतो. भोंगा ऐकला की बाया गॅसवरचं दूध सोडून बादली घेऊन धावतात, अशी सवयच पडली आहे.

संपानं गाडी उभी राहून काही दिवस झाले, आणि राजेगावकडून एक नवा कुल्फीवाला भोंगा वाजवत आला. गाडी दिसण्याआधी आवाज आला. वळणावरून तो पुढे येतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बादल्याच बादल्या! एकीनं तर बादली उचलून त्याच्या गाडीवर तिरपी केलीसुद्धा.

बिचारा गाडीला आडवा पडला. "दीदी, इसमें मत डालो! ये खाने का है!"

संप मिटेपर्यंत तो भोंगा बंद ठेवून फिरायचा आणि दारोदार जाऊन हळूच "कुल्फी, कुल्फी" म्हणायचा. धंदा म्हणे बरा झाला.

*

नगर परिषदेच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरही कचरा साचला. मॅडमनी तीन-चार दिवस दम धरला. मग म्हणाल्या, "ऑफिस आपका, हड़ताल आपकी, तो ये भी आप ही ले जाइए!" आणि बांधलेली पिशवी साहेबांच्या हातात दिली.

साहेब पिशवी घेऊन ऑफिसात आले. पण ऑफिसचे डबे रिकामे करणारेही सतरंजीवरच! साहेब गाडीतून उतरले, पिशवी कुठे टाकावी म्हणून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. यमुनाबाईनं पदर सावरून नमस्कार केला.

"साहेब, डब्बा आणला का? या, बसा आमच्याच संग!"

साहेब म्हणाले, "हाँ... मतलब, नहीं... बाद में." संध्याकाळी पिशवी पुन्हा बंगल्यावर गेली. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांच्या ड्रायव्हरनंही सांगितलं नाही.

*

मग साहेबांनी लालबर्र्याकडून भाड्याची ट्रॅक्टर-ट्रॉली मागवली. बातमी फुटली आणि राजू जाऊन रस्त्यात उभा राहिला. आता मारामारी होते की काय, या धास्तीनं मी मागे धावलो.

ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि वाकून राजूच्या पाया पडला. राजूचा सख्खा साळा!

"जिजाजी, तुमी अठी?"

"हौ. संपावर आहो."

"ताईले माहीत आहे?"

"तिनंच तं पाठवलं!"

साळ्यानं कपाळाचा घाम पुसला. "मंग माह्या बापाची हिंमत नाही," म्हणाला आणि जागच्या जागी ट्रॅक्टर वळवला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, ट्रॅक्टर परत का गेला?

मी म्हटलं, "सर, घरगुती कारण."

*

रविवार आला. पगार आला नव्हता. यमुनाबाईच्या गल्लीत ऑटो शिरू शकणार नाही एवढा ढीग झाला होता.

आदल्या दिवशी राजू आणि बाकीचे तिच्याकडे गेले. "काकी, तुले सूट देल्ली. सकायी झाडून घे. आमी पाह्यलंच नाही."

"आज माह्या गल्लीले सूट, उद्या साहेबाच्या गल्लीले मागतीन. मंग संप कोनाचा?"

सोनू आतून म्हणाली, "आई, ते लोक ढीग पाहूनच वापस जातीन." यमुनाबाई भांडी घासायला बसली. मध्यस्थानं सांगितलं होतं, पोराचा बाप सरकारी नोकरीत आहे. त्याच गोष्टीची तिला जास्त धास्ती होती.

मला राहवलं नाही. रविवारी सकाळी मी स्वतः फावडं घेऊन गेलो. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि दारामागे ठेवलं. "दरोगाजी, तुमी पाव्हणे म्हणून आले, बसा." त्या बाईचा मला राग आला आणि तिची कीवही आली.

ऑटो ढिगाशी थांबला. मुलगा उतरला, त्याची आई उतरली, एक मावशी उतरली. बायांनी पदर नाकाला लावले आणि भिंतीच्या कडेकडेनं कशाबशा पुढे आल्या. सोनू पडद्याआडून पाहत होती.

मुलाचा बाप मात्र ढिगापाशीच उभा राहिला. नाकाला रुमाल नाही, तोंड वाकडं नाही. किती खेपा लागतील ते मोजणाऱ्या नजरेनं त्यानं ढीग नीट पाहिला. एक पिशवी घसरून नालीत चालली होती, ती चपलेच्या टोकानं परत वर सारली. यमुनाबाई हात जोडून उभी होती, पण तिच्या तोंडून जय भीमसुद्धा निघेना.

तो तिच्यासमोर आला आणि म्हणाला, "जय भीम, विहीनबाई. पगार कधीचा अडकला?"