खैरनारांना घर लाभेना

"माणूस अगदी सज्जन आहे हो. पण मला घर रिकामं करून हवंय."

त्रिमूर्तीनगरच्या घरमालकीण बाईंचा फोन होता. कॉलेजातून रिटायर झालेल्या प्राध्यापिका. भाडेकरू येऊन नऊ दिवस झाले होते.

"काय झालं मॅडम? काही त्रास?"

"छे छे, त्रास कसला! माझी भाची येतेय राहायला. अचानक ठरलं."

या धंद्यात मला अठरा वर्षं झाली. अचानक येणाऱ्या भाच्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. बहुतेक भाच्या येतच नाहीत.

माझा धंदा रिलोकेशनचा. म्हणजे दुसऱ्या गावाहून बदलीवर किंवा नव्या नोकरीवर नागपुरात येणाऱ्या माणसाला राहायला जागा शोधून द्यायची. कंपन्या हे काम आम्हाला देतात. रामदासपेठेत माझं छोटं ऑफिस आहे, दोन मुली हाताखाली आहेत. ब्रोकर घर दाखवतो. आम्ही आधी एरिया दाखवतो. याला आमच्यात ओरिएंटेशन म्हणतात. पाहुण्याला एक दिवस गाडीत घालायचं आणि सकाळी नऊच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या ऑफिसच्या रस्त्यावरून फिरवायचं. कुठे नळ आहे, कुठे टँकर लागतो, हे सांगायचं. डिसेंबरात आलेला माणूस वरच्या मजल्यावरचं, पश्चिमेला भिंत असलेलं घर बघून खूश होतो. त्याला मे महिना समजावून सांगणं हे माझं मुख्य काम.

त्रिमूर्तीनगरचे हे भाडेकरू मिलिंद खैरनार डिसेंबरातच आले होते, नाशिकहून. वय अठ्ठेचाळीस, मिहानच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत क्वालिटी विभागाचे मॅनेजर. बरोबर बायको ज्योत्स्ना आणि आठवीतली मुलगी. मी त्यांच्याकडून नेहमीचा फॉर्म भरून घेतला. शाकाहारी की मांसाहारी, गाडी किती, कुत्रं-मांजर आहे का, पाहुणे किती येतात. घरमालक आडनावही विचारतात. तो रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. मी मेश्राम. आडनाव ऐकून "विचार करून सांगतो" म्हणणारे मला फॉर्मशिवाय पाठ आहेत.

खैरनारांच्या फॉर्ममध्ये शोधूनही खोट सापडत नव्हती. हळू बोलणारा, चपला सरळ रेषेत काढून ठेवणारा माणूस. अशा माणसाला नवव्या दिवशी घर सोडायला सांगतात?

मी त्यांना बेसाला हलवलं. मिहानला जवळ, नवी वस्ती, घरमालक गुलाबराव वानखडे खालच्या मजल्यावर. गुलाबराव एस.टी.तून निवृत्त झालेले. घर स्वच्छ, पाणी भरपूर. मी निश्चिंत झाले.

अकराव्या दिवशी कंपनीच्या एचआर हेड राधिका मॅडमचा फोन आला.

"सुनंदा, खैरनार पुन्हा घर बदलताहेत, असं कळलं. खरं आहे?"

"मला माहीत नाही. विचारते."

"तीन महिन्यांत दोनदा घर बदललं की ती केस फेल धरतो आम्ही, ठाऊक आहे ना? आणि तुझ्या केसचं सोड. त्यांच्या बायकोने मला विचारलं, नाशिकचं घर अजून विकलं नाहीये, परत जावं का? मला हा माणूस हवाय. दोन वर्षं शोधून मिळालाय."

मी गाडी काढली आणि थेट गुलाबरावांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काका, तुमचीही भाची येऊन राहिली का?"

"कोन भाची? मले भाचीच नाई."

"मग खैरनारांना काहून काढून राहिले?"

गुलाबरावांनी मागे वळून वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मानूस लाख हाय, म्याडम. पन पहाटं साडेपाचले थो काय वाजवते, तुमी ऐकलं का? पहिल्या दिवशी मी लाठी घेऊन बाहेर निंगालो. मले वाटलं शेजारच्याची म्हैस अडून राहिली. शेजाऱ्याले उठवलं. थो म्हने, गुलाबराव, मायी म्हैस तं मागच्या वर्षीच विकली!"

"म्हणजे काय वाजवतात?"

"क्लॅरोनेट. बँडवाल्याच्या हाती राह्यते ना, काळी नळी? थे. रोज एक तास. अन् एकच गानं. पुढं जातच नाई थे गानं. तिथंच अडते, पुन्हा सुरुवातीपासून. माही बायको म्हनते, त्याईले पुढचं शिकवा नाई तं घर खाली करा."

मी वर गेले. रविवार होता, तिघंही घरी होती. मी सरळ विचारलं.

खैरनारांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता," ते म्हणाले.

"वाजवून दाखवा."

"आत्ता?"

"खाली काका बाहेर निघालेत फिरायला. आत्ताच."

त्यांनी कपाटातून एक पेटी काढली. त्यातले तुकडे एकेक करून जोडले, ओठ पुसले आणि फुंकर मारली. खोटं कशाला बोलू? गुलाबरावांनी म्हशीवर अन्याय केला नव्हता. मधेच एखादा सूर इतका नीट लागायचा की आपण मान हलवायला जावं, आणि पुढच्याच क्षणी दारावर नख ओढल्यासारखी किंकाळी. मुलगी शांतपणे गणितं सोडवत होती. तिला सवय झालेली.

ज्योत्स्ना वहिनींनी मला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"मला कळतं हो, बरं वाजत नाही ते," त्या म्हणाल्या. "नाशिकची यांची कंपनी बंद पडली. बावीस वर्षांची नोकरी. आठ महिने घरी होते. आधी पेपर वाचायचे, मग तोही वाचेनात. दहा-दहा वाजेपर्यंत पडून राहायचे. शेजारी एक म्हातारे बँडमास्तर होते. त्यांनी हे जुनं वाद्य दिलं आणि म्हणाले, रोज पहाटे या, शिकवतो. त्या दिवसापासून हे उठायला लागले. दाढी करायला लागले. इंटरव्ह्यूला जायला लागले. मी कशी सांगू बंद करा म्हणून?"

बाहेर आलो तर खैरनार वाद्य पेटीत ठेवत होते.

"मॅडम, मी बंद करतो. नोकरी लागली आता. गरज नाही."

"नाही," ज्योत्स्ना वहिनी म्हणाल्या. एवढंच. 

मी म्हटलं, "काकांकडून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत घेते. तोवर पहाटेचं तेवढं थांबवा. घर मी बघते."

आता प्रश्न साधा होता. नागपुरात असा कोणता एरिया आहे, जिथे हे खपेल?

आत्तापर्यंत मी शांत वस्त्या विकत आले होते. "एकदम शांत एरिया आहे" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. आता मला गोंगाट हवा होता. आधी कळमना आठवलं. धान्य-फळांचा बाजार, ट्रकचे हॉर्न, हमालांच्या हाका. तिथे अख्खी बँडपार्टी वाजली तरी कुणी वळून पाहणार नाही. सकाळी तिथून मिहानपर्यंत मी गाडी चालवून पाहिली. अख्खं शहर आडवं कापून जावं लागलं. खैरनार त्या घरून निघाले असते तर ऑफिसात डबा खायलाच पोचले असते. मग रेल्वे लाइनजवळ एक घर पाहिलं. गाडी जाताना छान आवाज होता. पण गाडी दीड मिनिटात जाते आणि मागे अगदी स्वच्छ शांतता ठेवते.

शेवटी ठरवलं, लपवायचं नाही. खैरनारांचं वादन फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरमालकांना घर बघण्याआधीच ऐकवायला लागले. माझ्या ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही? त्यांचं बरोबर होतं. सोमलवाड्यातल्या एकाने पाच सेकंदांत फोन ठेवला. नरेंद्रनगरच्या एका बाईंनी मात्र पूर्ण ऐकलं. प्रेमळ बाई.

"शिकतोय वाटतं पोरगा. असू द्या. केवढा आहे?"

"अठ्ठेचाळीस."

पुढे बोलणं झालं नाही. आठवड्यात अकरा नकार जमा झाले. राधिका मॅडम रोज मेसेज टाकत होत्या, नुसतं प्रश्नचिन्ह.

फेब्रुवारी लागला. ऑफिसचा कूलर गंजून फुटला होता, म्हणून नवा बनवायला टाकायला मी मानेवाड्याच्या पुढे एका कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे रस्त्याकडेचं शेड आणि त्यावर दोन खोल्या. धनराजभाऊ निखारे आणि त्यांचे तीन कारागीर पत्रा ठोकत बसले होते. सिझनआधीची घाई. तिथे बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं.

माप सांगून निघाले तर वरच्या कठड्याला एक पाटी दिसली. 'घर भाड्याने देणे आहे.' अक्षरं उन्हाने पांढरी पडली होती.

"भाऊ, हे वरचं रिकामं काहून आहे?" मी ओरडले.

"काय?"

"रिकामं काहून आहे?"

धनराजभाऊंनी हात वर केला. हातोड्या थांबल्या.

"चार भाडेकरू आले, चारही पळाले. सकाळी सातपासून ठोकठोक. संध्याकाळी सहाले बंद करतो. पावसाळ्यात कूलर नसते, तं धान्याच्या कोठ्या अन् पेट्या बनवतो. ठोकठोक तं हायेच. बाजूले वेल्डिंगवाला, मांगं गोडाऊन. कोन राहीन?"

मी पर्समधून फोन काढला. सगळी हकीकत सांगितली आणि रेकॉर्डिंग लावलं. तेवढ्यात कारागिरांनी पुन्हा ठोकायला सुरुवात केली. धनराजभाऊ फोन कानाला लावून बराच वेळ उभे राहिले.

"म्याडम, मले तं काईच ऐकू नाई आलं."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण अजून खैरनार कुटुंबाने घर पाहायचं होतं.

शनिवारी तिघांना घेऊन आले. मी अटी आधीच सांगितल्या: दिवसभर आवाज, जिन्यात पत्र्याचे तुकडे, मागे गोडाऊनचे ट्रक. जमेची बाजू: नळाचं पाणी, पूर्वेचं तोंड, रिंगरोडने मिहान सोपं, मुलीच्या शाळेची बस कोपऱ्यावर. खैरनार सकाळी साडेआठला निघतात. हातोड्या सातला सुरू होतात. म्हणजे सात ते आठ वाजवायला मोकळे.

खैरनार खूश दिसले. पण दिवसभर घरात राहणार होत्या वहिनी. त्या म्हणाल्या, "मला तासभर इथे बसू द्या." रिकाम्या खोलीत त्या फरशीवर बसल्या. खाली ठोकठोक. मी जिन्यात उभी राहून घड्याळ बघत होते. गेल्या चार भाडेकरूंना मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या. तास संपला. त्या खाली आल्या.

"डोकं दुखतं," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"पण अर्ध्या तासाने कमी दुखायला लागलं. आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते या कारागिरांची, मघाशी विचारून घेतलं. इथे निदान कुणाची भाची तरी येणार नाही."

आता धनराजभाऊ अडले. "मी ऐकल्याशिवाय घर नाई देनार," ते म्हणाले. "फोनमंदी ऐकू नाई आलं. समोर वाजवा."

त्यांनी हात वर केला. हातोड्या थांबल्या. वेल्डिंगवालाही चष्मा कपाळावर चढवून आला. शेडमध्ये एवढी शांतता कधी झाली नसेल. खैरनारांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि वाजवायला सुरुवात केली.  नेहमीच्या जागी गाणं अडलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा ते अडलं तिथून कसंबसं पुढे सरकलं, दोन ओळी नीट गेल्या, आणि मग ती किंकाळी आलीच.

कुणी हसलं नाही. धनराजभाऊंनी पत्र्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"सुरातलं मले काई समजत नाई. पन आमच्या पत्र्यापेक्षा बरं हाय. या राहाले."

ज्योत्स्ना वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, ओटा थोडा उंच करून मिळेल का.

अकरा महिन्यांचा करार झाला. राधिका मॅडमने पत्ता बघून फोन केला, "सुनंदा, आमच्या मॅनेजरला तू कूलरच्या कारखान्यावर ठेवलंस?" मी हो म्हटलं. तरी केस त्यांच्या नियमाने फेलच धरली गेली. दोन घरं बदलली होती ना. कंपनीचं काम मात्र त्यांनी काढून घेतलं नाही.

एप्रिलमध्ये एकदा सकाळी सव्वासातला धनराजभाऊंचा फोन आला. 

"म्याडम, खैरनार साहेब दोन दिवसांपासून वाजवून नाई राहिले. घराले कुलूप हाय. काई बरंवाईट तं नाई ना?"

ते लग्नाला नाशिकला गेले होते. मी तसं सांगितलं.

"मंग ठीक हाय. पोरं विचारून राहिली होती. कामाले हात चालत नाई त्याईचा."

करार पुढे वाढला. त्यासाठी मला कुणी बोलावलंही नाही. दोघांनी आपापसात कागद केला. आता मी फॉर्ममध्ये शेवटी एक मोकळी ओळ ठेवली आहे: 'तुमचं असं काय आहे, जे शेजाऱ्यांना झेपणार नाही?' घरमालकांनाही तीच ओळ देते. बहुतेक लोक 'काही नाही' असं लिहितात. त्यांच्याकडे मी पहिल्या महिन्यात दोनदा जाऊन येते.