मानाचं वाचन

अजूनही ती गोष्ट आठवली की माझं डोकं फिरतं. खाणी जोरात होत्या तेव्हा मी सुर्ल्याच्या शाळेत शिकवत होते. मुलं पुस्तक वाचायची, कपाटात परत ठेवायची, संपलं. मी म्हटलं, वाचता ते जरा गावालाही ऐकवा. श्रावणात संध्याकाळी देवळात पोथी असते, माणसं आपसूक जमतात. पोथीच्या आधी रोज एका मुलाने एक गोष्ट वाचायची असं ठरलं. देवळाच्या कमिटीनेही लगेच हो म्हटलं.

पहिल्या दोघांचं फार कौतुक झालं. दोघंही देवळाच्या मानकऱ्यांच्या घरातली.

तिसरी ती मुलगी. बाप सावंतवाडीकडून आलेला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. वर्गात तिच्याइतकं मोकळं कुणी वाचत नसे. तिची आई ठेवणीतलं लुगडं नेसून खांबाला टेकून बसली होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लेकीला चारचौघांत वाचताना ती पहिल्यांदाच ऐकणार होती. पोरगी पोथीच्या चौरंगाशेजारी बसली, कारण बल्ब तिथेच. गोष्टीतली म्हातारी विहिरीत डोकावते, इथवर आली असेल नसेल, तोच एक मानकरी चौरंगाकडे बोट करत उठले.

"बाई, हिका भायर बसवा. हांगा बसून वाचपाचो मान आमच्या घराण्यांचो."

मान म्हणे. हेच गृहस्थ पोथीला बसले की मधल्या ओव्या गिळून अध्याय उरकायचे आणि निम्मं गाव डुलक्या काढायचं. सभामंडपाच्या लाद्या खाणीच्या पैशातून बसल्या, ते चाललं. खाणीवरच्या माणसाची पोर त्याच लादीवर बसून वाचते, ते नाही चाललं. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोलले. मंडपातलं एकही माणूस माझ्या बाजूने बोललं नाही. उलट कमिटीतले एक जण मलाच समजावायला आले, "रीत आहे, बाई. अंगणातूनही ऐकू येतं की." अंगणात पाऊस धो धो कोसळत होता.

तोवर पोरीने पुस्तक मिटलं होतं. आईने तिचा हात धरला आणि जाता जाता मला म्हणाली, "बाई, आमच्यापायी तुमका त्रास." अपमान तिच्या लेकीचा, आणि माफी मागायची तिने. मानकऱ्याच्या बोलण्याने पेटले नव्हते एवढी मी त्या वाक्याने पेटले.

पुढे वाचन मी शाळेच्या व्हरांड्यात आणलं. थोडी माणसं आली, पण आली. त्या दोघी मायलेकी मात्र फिरकल्या नाहीत.

मग एकदा वर्गात मी तिला धडा वाचायला उठवलं. तिचाच वर्ग, तिचाच बाक, हातात तिचंच पुस्तक. ती उभी राहिली. तिने दाराकडे बघितलं, मग बाकावर हात ठेवून मला हळूच विचारलं, "बाई, हय वाचलंय तर चालात मां?"